नानांची हुकलेली गटारी

‘तुम्ही फक्त मागा. खायचं काय ते आम्ही बघून घेऊ,’ नाना म्हणाले आणि त्यांनी स्टीलच्या फुलपात्रात लाल वाइन ओतली.

द्राक्षबागेच्या कडेला विहिरीच्या मोटारीची खोली होती. तिच्यात गंधकाची पोती, फवारणीचा पंप, तुटकी कॅरेट आणि आम्ही दोघं. जावयाला बाग दाखवून आणतो असं घरात सांगून माझे सासरे मला इथे घेऊन आले होते आणि बागेकडे ढुंकूनही न पाहता त्यांनी पोत्यांमागे हात घालून बाटली काढली होती. मी घाईघाईने म्हणालो, मी घेत नाही. ते म्हणाले, तुमच्यासाठी ओतलीच नाही.

‘आणि नाना, मी मटणही खात नाही. अंडंसुद्धा नाही.’

‘ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही मागायचं. मी मागितलं तर ती सरळ नाही म्हणेल. तुम्ही मागितलं तर निदान विचारात तरी पडेल.’

ती म्हणजे माझ्या सासूबाई, मथुराबाई. घरात सगळे त्यांना जिजी म्हणायचे. मी काहीच म्हणायचो नाही, कारण हाक मारायची वेळ कधी आली नव्हती.

प्रकरण असं होतं, की त्या साली अधिक श्रावण आला होता. म्हणजे एकामागोमाग एक दोन श्रावण. नानांनी आपल्या मनाशी हिशोब मांडला, की अधिक महिना हा वरचा महिना, तो धरायचा नसतो. खरा श्रावण पुढच्या अमावास्येनंतर लागणार, म्हणून गटारीही पुढच्याच अमावास्येला. या हिशोबावर विसंबून आषाढातल्या अमावास्येला, अख्ख्या गावातून मटणाचे वास सुटले असताना, हा माणूस घरी शांतपणे वरणभात जेवला. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना हसला, की काय घाई झाली रे तुम्हाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतात तो सासूबाईंनी मटणाचं पातेलं राखेने घासून, उन्हात वाळवून, फडक्यात बांधून माळ्यावर टाकलेलं. श्रावण लागला, त्या म्हणाल्या. नाना म्हणाले, अगं हा अधिक आहे.

‘अधिक आहे ना? मग अधिक पाळायचा,’ एवढं बोलून त्या कामाला लागल्या.

झालं. दोन महिने कोरडे, तेही निरोपाचं जेवण न करता. गावातले लोक नानांना रस्त्यात गाठून मुद्दाम विचारायचे, काय नाना, गटारी कशी झाली. नाना म्हणजे यशवंतराव ढोमसे, सोसायटीचे माजी चेअरमन, पण त्या पावसाळ्यात त्यांनी पारावर बसायचं सोडून दिलं होतं.

आता त्यांच्या वाइनबद्दल सांगायला हवं. नानांच्या बागेतली द्राक्षं तिकडच्या एका वाइनरीत जायची. तिथल्या साहेबांनी एकदा सगळ्या बागाईतदारांना बोलावून वाइन कशी प्यायची ते शिकवलं. ग्लास फिरवायचा, नाक घालायचं, चॉकलेटचा वास येतोय का बघायचं, तंबाखूचा येतोय का बघायचं. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन आपलं स्वतःचं शास्त्र बसवलं. वाइन लाल पाहिजे. स्वस्तातली पाहिजे. फ्रिजमधली नको. फुलपात्रात घ्यायची. आणि बरोबर काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा.

‘भारी वाइन असते ना, ती एकटीच बोलत बसते,’ त्यांनी मला त्या खोलीत समजावलं. ‘रश्श्याला तोंड उघडू देत नाही. आपली साधी वाइन गुमान ऐकून घेते आणि मध्येच एखादा शब्द टाकते. संसाराला तशीच बरी.’

मी म्हणालो, नाना, सगळं पटलं, पण मला यात गुंतवू नका. आणि मग त्यांनी माझ्या वर्मावर बोट ठेवलं.

मी हेरंब वैशंपायन, नाशिकच्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचो. वृषाली तिथेच रसायनशास्त्र शिकवायची. आम्ही दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या आणि लग्न झाल्यावर घरी कळवलं. माझ्या आईने महिनाभर अबोला धरला, मग तिला पुरणपोळी लाटायला कुणीतरी हवं झालं आणि ती बोलायला लागली. सासूबाई मात्र दीड वर्ष झालं तरी माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. तशा वाईट कधी वागल्या नाहीत. चहा वेळेवर, पाणी वेळेवर, जेवायला गरम. पण सगळं परभारे. वृषाली, त्यांना म्हणावं हात धुऊन घ्या. वृषाली नसली तर नानांमार्फत. नानाही नसले तर गाईमार्फत. एकदा मी ओसरीवर एकटाच होतो तेव्हा त्या गोठ्याकडे तोंड करून म्हणाल्या होत्या, गौरे, सांग त्यांना, चहा निवतोय. मी गाईला बरं म्हणालो आणि चहा प्यायलो.

मला त्याचं एवढं काही नव्हतं, गाय भली होती. पण त्या वृषालीलाही ‘राहा’ म्हणत नव्हत्या. आईने राहा म्हटल्याशिवाय लेकीने माहेरी राहायचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं होतं. दिवाळीला गेलो, संक्रांतीला गेलो, प्रत्येक वेळी संध्याकाळच्या गाडीने परत. गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसायची आणि नाशिक आलं तरी तिला उतरायचं भान नसायचं. मी जातीचा राग असेल असं धरून चाललो होतो आणि जातीला माझ्याकडे काही इलाज नव्हता.

आता धोंड्याचा महिना आला, म्हणजे अधिकाचा. या महिन्यात जावयाला नारायण मानून जेवायला घालतात, पुरणाचे धोंडे करतात, अनारशांचं वाण देतात. हे केलं नाही तर गाव बोलतं. म्हणून निरोप आला, तोही शेजारच्यांच्या फोनवरून. निरोप आल्यापासून वृषाली घरात गुणगुणत होती. या खेपेला जिजी नक्की बोलतील, असं ती मला दिवसातून दोनदा सांगत होती. तिची ही आशा बघून मला धडकी भरली होती.

नानांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी फुलपात्र खाली ठेवलं आणि आवाज उतरवला.

‘आमच्या घरात रीत आहे. धोंड्याच्या दिवशी सासू जावयासमोर उभी राहते आणि विचारते, काय इच्छा आहे. तिला तोंड उघडावंच लागेल, तुमच्यापुढं. एकदा बोलली की बोलली, पुन्हा मुकं होता येतंय का? आणि नारायणानं मागितलेलं नाही म्हणता येत नाही. तुमचं काम होईल, माझंही होईल.’

‘आणि ताटात आल्यावर?’

‘मी बसतो की तुमच्याशेजारी. पाटाला पाट लावून. तुम्ही नुसती भाकरी मोडल्यासारखं करा. वाटी मी रिकामी करतो.’

गणिताच्या मास्तराला यातली चूक दिसायला हवी होती. पण मला तेव्हा सासूबाई समोर उभ्या राहून माझ्याशी बोलतायत एवढंच दिसत होतं. मी हो म्हणालो. नानांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई पदर खोचून तयारच होत्या. उंच बाई, आवाज खणखणीत, आणि बघणं असं, की समोरच्याने आपोआप शर्टाची बटणं तपासावीत. मला खुर्चीवर बसवलं. वृषाली शेजारी उभी राहिली. सासूबाई समोर आल्या, थांबल्या आणि मान अंशभर डावीकडे वळवली.

‘वृषाली, विचार त्यांना. काय इच्छा आहे नारायणाची?’

नानांच्या बेताचा निम्मा भाग तिथेच कोसळला. खरं तर तेव्हाच मी श्रीखंड म्हणायला हवं होतं. पण दाराआडून नाना खोकले आणि असे खोकले, की छाती फुटावी.

‘मटण,’ मी म्हणालो. ‘काळ्या मसाल्याचं. आणि लाल वाइन. थोडीशी. साधी असली तरी चालेल.’

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. लग्नाच्या पंगतीत पुलाव पुढे आला तर दोनदा वास घेऊन मगच उष्टावणारा नवरा तिला ठाऊक होता. सासूबाईंची पापणीही लवली नाही. त्यांनी वर आढ्याकडे पाहिलं आणि आढ्याला सांगितलं, की नारायण मटण मागतोय. तेवढ्यात नाना आत आले, काही ठाऊकच नसल्यासारखं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा टाकला. म्हणाले, आता काय करायचं, आली पंचाईत, रीत म्हटल्यावर द्यावंच लागणार. असा सुस्कारा मी नंतर कुठल्या नटाकडूनही ऐकला नाही.

मग चौकशी सुरू झाली. वृषाली, विचार, रस्सा दाट की पातळ? मी नानांकडे पाहिलं. नानांनी हवेत वाटी भुरकून दाखवली. मी म्हणालो, पातळ. तिखट कितपत? नानांचं बोट वर वर गेलं. मी म्हणालो, चांगलं तिखट. मांडीचं की बरगडीचं? नाना इथे स्वतःच गोंधळले आणि दोन्ही हात हलवायला लागले, म्हणून मी म्हणालो दोन्ही. सासूबाई प्रत्येक उत्तराला मान डोलवत होत्या आणि मला वाटत होतं, त्या बिचाऱ्या लक्षात ठेवतायत.

नाना तर पिशवी घेऊन निघालेच होते, पण सासूबाईंनी त्यांना बसवलं. नारायणाचं सामान मीच आणवते, म्हणाल्या. बागेत कामाला येणाऱ्या हिराबाईला त्यांनी हाक मारली, परसात नेऊन तिला काहीतरी सांगितलं आणि ती पदर सावरत निघून गेली. नाना पुन्हा खुर्चीत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर पोराटोरांसारखा आनंद होता.

वृषालीने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. हे काय चाललंय, असं तिने विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती आधी चिडली, मग हसली, मग पुन्हा चिडली.

‘नाना तुझ्या वाटीतलं खाणार? अरे, धोंड्याच्या जेवणाला जावयाला एकट्याला बसवतात. तो जेवायला लागल्याशिवाय घरात कुणी घास तोंडात घालत नाही. आणि नारायणाच्या ताटाला कोण हात लावणार?’

‘नाना म्हणाले पाटाला पाट...’

‘नानांनी या घरात जावई बघितलाय कुठं? तू पहिलाच.’

बेताचा उरलेला निम्मा भागही गेला. मी म्हणालो, आता गं? ती म्हणाली, आता काय, जाऊन सांग, चुकलो म्हणून, अजून मसाला वाटायचा आहे. तेही खरंच होतं. मी मन घट्ट केलं आणि स्वयंपाकघराकडे निघालो. आतून खोबरं भाजल्याचा वास येत होता. दाराशी पोचलो तर सासूबाई चुलीपुढे बसून कुणाशी तरी बोलत होत्या. हिराबाई परत आली होती.

‘बघ, पहिल्यांदाच या घरात काहीतरी मागितलं त्यांनी,’ त्या म्हणत होत्या. ‘इतक्या वेळा आले. साधं पाणी कधी मागून घेतलं नाही.’

मी जसा गेलो तसा परत आलो. वृषालीने विचारलं, सांगितलंस का? मी म्हणालो, नाही, मी खाणार आहे. तिने माझं कपाळ चाचपून पाहिलं.

दुपारी मला चौरंगावर बसवलं. भोवती रांगोळी, समोर समई, बाजूला परातीत अनारशांची रास आणि त्यावर नवं कापड. सासूबाईंनी कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात तुपात बुडालेले धोंडे, बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू, आणि मधोमध पितळेची मोठी वाटी. काळाभोर रस्सा, वर बोटभर तर्री, आत तपकिरी तुकडे. चांदीच्या पेल्यात लाल वाइन. ती बाटली सासूबाईंनी स्वतः जाऊन मोटारीच्या खोलीतून, गंधकाच्या पोत्यांमागून आणली होती आणि ती कुठे ठेवलीय हे त्यांनी नानांना विचारलं नव्हतं. समोरच्या भिंतीला टेकून बसलेल्या नानांचा चेहरा त्यामुळे थोडा उतरला होता, पण वाटीकडे नजर गेली की पुन्हा उजळत होता. मी सुरुवात केल्याशिवाय त्यांना काही मिळणार नव्हतं. ते माझ्याकडे दर्शनाच्या रांगेत उभं राहिल्यासारखे बघत होते.

‘वृषाली, त्यांना म्हणावं, घ्या,’ सासूबाई म्हणाल्या.

मला माझी आई आठवली. शेजारणीने अंडी उकडली म्हणून आईने मधली खिडकी कायमची खिळवून टाकली होती. वडील आठवले, आजोबा आठवले, त्यांच्या मागचेही दोनचार जण आठवले. मग मी वर पाहिलं. सासूबाई हातात दुसरी भाकरी घेऊन उभ्या होत्या आणि माझ्या बोटांकडे बघत होत्या. वृषाली त्यांच्यामागे, ओठ दाताखाली धरून. मी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, त्यात एक फोड धरली, डोळे मिटले आणि घास घेतला.

आणि तो उत्तम लागला, इथेच माझी अडचण सुरू झाली. वाईट लागला असता तर मी एका घासावर थांबलो असतो, प्रायश्चित्त घेतलं असतं आणि मोकळा झालो असतो. पण लवंग, दगडफूल, भाजलेलं खोबरं, आणि ते तुकडे असे मऊ, तरी दाताला जरा धरून राहणारे. कानशिलं तापली. मी घाबरून पेला तोंडाला लावला. तोंड कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं आवळलं. पुन्हा रस्सा भुरकला, पुन्हा घोट घेतला आणि या खेपेला दोघांचं आत कुठेतरी जमलं. तिखट जरा सबुरीने वागायला लागलं. नाना काय म्हणत होते ते मला कळलं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. मग मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, अजून.

सासूबाईंनी वाढलं. मग नानांना म्हणाल्या, बसा तुम्हीही, देवाचं सुरू झालं. नानांनी बाही सरसावली, भाकरी कुस्करली, वर रस्सा ओतला, मोठा घास घेतला आणि चावता चावता थांबले. त्यांनी वाटीत पाहिलं. मग सासूबाईंकडे पाहिलं.

‘काय हो, मीठ कमी झालंय?’ सासूबाईंनी विचारलं.

‘नाही. बरोबर आहे.’

‘मटण शिजलंय ना नीट?’

नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ‘शिजलंय,’ ते म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. इतक्या दिवसांनी मटण मिळालेल्या माणसाचे ते अश्रू आहेत असं समजून मलाही भरून आलं. एव्हाना दुसरा पेला माझ्या पोटात होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मटणावर बोलायला लागलो. म्हणालो, आम्ही लोक पिढ्यान्‌पिढ्या उगाच वंचित राहिलो. म्हणालो, असं मटण मी जन्मात खाल्लं नाही, आणि ते तंतोतंत खरं होतं. म्हणालो, बघा ना नाना, एक हाड लागत नाही, किती निगुतीने निवडलंय. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे केलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. माझ्या शब्दांनी त्या हेलावल्या असं मी धरलं. वृषाली मघाशी पातेल्यातलं चाखायला म्हणून आत गेली होती ती बाहेर आलीच नव्हती. तिचा जोरजोरात ठसका ऐकू येत होता.

‘नाना, लाजताय काय, घ्या ना,’ मी म्हणालो. ‘जिजी, नानांना वाढा. माझी इच्छा आहे.’

नारायणाची इच्छा. नानांना दुसरी वाटी घ्यावी लागली, मग तिसरी. औषध घेतल्यासारखी एकेक वाटी संपवत ते मुकाट्याने जेवले. मध्ये मध्ये वाइनचा घोट घेत होते, तेव्हाच काय तो त्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसत होता.

जेवण झालं, विडा झाला, मी आडवा झालो आणि वाइन उतरायला लागली तशी पोटातली गोष्ट डोक्यात चढायला लागली. आपण एक जीव खाल्ला. तोही तीन वाट्या. आणि मागून. पडून राहवेना म्हणून मी परसात गेलो. तिथे हिराबाईचा बोकड खुंट्याला बांधलेला होता. दाढीवाला, पोक्त, डोळे अर्धवट मिटून रवंथ करत होता. त्याने रवंथ थांबवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. मला ते सहन होईना. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून मी त्याच्यापुढे गुडघे टेकले, हात जोडले आणि पुटपुटलो, माफ कर बाबा, घरगुती अडचण होती.

‘जावईबापू, बोकडाच्या काय पाया पडताय?’

मी आधी वृषाली कुठे आहे ते पाहिलं. ती नव्हती. नानाही नव्हते. गाय पार पलीकडे, गोठ्यात बसलेली. सासूबाई हातात पाण्याचा तांब्या घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून बोलत होत्या.

‘मी आज... यांच्यापैकी...’ मी बोकडाकडे बोट दाखवलं.

‘त्यांच्यापैकी कुणी नव्हतं ताटात. अळंबी होती ती. हिराबाईच्या घरचे पेठ तालुक्यातल्या रानातून आणतात. पावसाळ्यात मिळते.’ त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. ‘श्रावणात माझ्या चुलीवर मटण चढेल होय? आणि पहिल्यांदा धोंडे जेवायला आलेल्या माणसाचा नेम मोडून त्याला परत धाडू? उद्या तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?’

मी धुणं धुवायच्या दगडावर बसलो. हसायला येत होतं आणि डोळेही भरत होते. वाइनचं काय, मी विचारलं. ती खरी होती म्हणाल्या, आपल्याच बागेतल्या द्राक्षांची, आणि फळ उपासालाही चालतं. नानांना कळलं का, मी विचारलं.

‘पहिल्याच घासाला. पण बोलणार कुठल्या तोंडानं? मागणारे तुम्ही, वाखाणणारे तुम्ही.’ त्या आता उघडपणे हसत होत्या. पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. ‘एक सांगा. तुम्ही मटण समजूनच खाल्लंत ना?’

‘हो.’

‘कशापायी? यांच्या जिभेपायी?’

‘नाही. तुम्ही चुलीपाशी हिराबाईला म्हणत होतात, मी पहिल्यांदाच या घरात काहीतरी मागितलं. ते ऐकलं. मग नको म्हणवेना.’

त्यांनी बोकडाच्या दोरीला उगाचच एक गाठ मारली.

‘तुम्हाला वाटत असेल, तुम्ही बामण म्हणून मी बोलत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘तसं नव्हतं. तुम्ही मागायला आला नाहीत. माझी पोरगी न मागता नेलीत. आला असतात तर मी काय हसत दिली असती? दोन दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. आदळआपट केली असती. तुम्हाला दारातून हाकललं असतं. मग पुन्हा आला असतात, मग दिली असती. आईला तेवढं तरी करू द्यायचं होतं.’

दीड वर्ष मी जातीला उत्तर शोधत होतो आणि इथे प्रश्नच वेगळा होता. मी म्हणालो, चुकलंच आमचं. त्या म्हणाल्या, चुकलंच. मग म्हणाल्या, आणि आज मागितलंत तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. तुम्ही खोलीतून आलात तेव्हाच तुमच्या सदऱ्याला गंधक लागलेलं होतं, मला काय कळत नाही? देवाला तीन वर्षांतून एकदा मागायला मिळतं, ते तुम्ही या माणसाच्या रश्श्यावर घालवलंत.

‘आता तुमचं मागा,’ त्या म्हणाल्या. ‘अजून दिवस मावळला नाही.’

त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत इतकी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी उठून उभा राहिलो.

‘वृषालीला थोडे दिवस ठेवून घ्या,’ मी म्हणालो. ‘ती तुमच्या एका शब्दासाठी झुरतेय. तिला राहा म्हणा.’

सासूबाईंनी माझ्या हातातला रिकामा तांब्या घेतला, पदर नाकाडोळ्यांवरून फिरवला आणि घराकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेलो. आतल्या खोलीत वृषाली संध्याकाळच्या गाडीसाठी दोघांच्या बॅगा भरत होती. ओसरीवर नाना भिंतीला टेकून, डोळे मिटून बसले होते. सासूबाई परसदाराशी थांबल्या आणि अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी हाक मारली.

‘वृषाली, जावईबापूंची तेवढी बॅग बाहेर काढ. तुझी राहू दे.’